खामकाठची भिंत, मैदानातली नदी आणि रांगोळीची चक्की : प्रकल्प नोंदी

गाव छत्रपती संभाजीनगर, नदी खाम. आठवी-नववीची २६ मुलं आणि चार मोठी माणसं. डिसेंबर ते फेब्रुवारी, शनिवारी सकाळी तीन तास. जागा म्हणजे नदीच्या पूर्व काठाला लागून असलेलं शाळेचं मैदान आणि त्याची नदीकडची कुंपणभिंत. कामं तीन : मैदानावर नदीचा नकाशा, भिंतीवर ३६ फूट लांब चित्रपट्टी, आणि पाण्यावर फिरून रांगोळी सांडणारी चक्की. एकूण खर्च १८,८३० रुपये, त्यातले ३,९४० निव्वळ वाया. कसे, ते खाली आलंच आहे.

२३ नोव्हेंबर. पाहणी

फक्त मोठी माणसं गेली. मुलांना नेण्याआधी काठ एकदा स्वतः चालून बघावाच. कुठे काच आहे, कुठे नाल्याचं तोंड आहे, कुठला कठडा हलतो, याची यादी केली. खामेत शहराचं सांडपाणी येतं, म्हणून पहिला नियम तिथेच ठरला : नदीच्या पाण्याला आणि पात्रातल्या गाळाला कुणीही हात लावायचा नाही. ‘नदीची माती’ म्हणून पात्रातला गाळ गोळा करायचा बेत होता, तो रद्द. माती वरच्या शेतांतून आणि विहिरीच्या खोदाईतून आणायची.

दुसरा नियम : महमूद दरवाजा, मकाई दरवाजा, बारापुल्ला, पाणचक्की, या नदीकाठच्या जुन्या वास्तूंपैकी कशालाही रंग, खडू, चिकटपट्टी, कोळसा काही लागता कामा नये. कागद ठेवून ठसा घेणंसुद्धा नको. जुना चुना आणि झिजलेला दगड नुसत्या घासण्यानेही सुटतो. तिथे फक्त बघायचं, मोजायचं आणि वहीत काढायचं.

काठाच्या परवानगीचा अर्ज १८ तारखेला दिला होता. तो जागेचा नकाशा जोडला नाही म्हणून परत आला आणि सगळं मिळून १७ दिवस गेले. अर्जासोबत चार गोष्टी पहिल्याच दिवशी द्या : जागेचा हाताने काढलेला नकाशा, मुलांची संख्या, तारखा-वेळा, आणि ‘जुन्या वास्तूंवर काहीही लावलं जाणार नाही’ असं एक वाक्य. सगळ्यांत उपयोगी पडलं ते हे वाक्य. झेरॉक्स आणि किरकोळ खर्च २६० रुपये. एक शनिवार गेला तो गेलाच.

७ डिसेंबर. चालणं

मुलांनी आणायच्या वस्तू : वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, टोपी, बंद बूट. पाच जण चपला घालून आले. त्यांना रस्त्याच्या बाजूने चालवलं.

महमूद दरवाज्याच्या पुलावर उभं राहिलं की नदी आणि पाणचक्की दोन्ही दिसतात, म्हणून सुरुवात तिथून. बहुतेक मुलांचा समज असा की पाणचक्की खामेच्या पाण्यावर चालायची. तशी ती चालत नव्हती. वरच्या अंगाच्या डोंगराकडचं झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून इथवर आणलं, उंच भिंतीवर चढवलं आणि तिथून खाली सोडलं. त्या धारेवर चाक फिरायचं, वरचं जातं फिरायचं. पीठ बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि मुसाफिरांसाठी. काम झालं की ते पाणी हौदातून खामेकडे. नदी इथे चक्की चालवत नाही, चक्कीचं पाणी पोटात घेते. चित्रांची पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी राहिली. हे आधी नीट समजून घेतलं नसतं तर भिंतीवर नदीत फिरणारं चाक आलं असतं.

नहरींची, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या वाटांची, गोष्ट तिथेच सांगितली, पाच मिनिटांत : मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवली, नदी गावाला पुरणार नव्हती म्हणून जमिनीखालून नहर आणली. पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाच्या काळात खडकीचं औरंगाबाद झालं आणि नहरी वाढत गेल्या. पाणचक्कीची नहर त्यातलीच, नंतरची. पाच मिनिटांच्या वर गेलं की मुलं वडाच्या पारंब्यांकडे बघायला लागतात. तो वडही बघण्यासारखाच आहे म्हणा.

चित्रं काढताना प्रत्येकाला एकच गोष्ट दिली : एकाला कमान, एकाला कठडा, एकाला हौदाखालच्या दालनातला खांब. ‘दरवाजा काढा’ म्हटलं की सगळे एकसारखा पोस्टकार्डातला दरवाजा काढतात.

दोन गटांनी दोन काठांनी, चालता येईल तेवढी पट्टी पावलांनी मोजली. पूर्वेचा गट १,२४० पावलं, पश्चिमेचा १,०९०. तेव्हा कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

१४ डिसेंबर. मैदानातली नदी, पहिला प्रयत्न

प्रमाण ठरवलं होतं ४० पावलांना १ फूट. दोरी ताणून फक्कीने दोन काठ आखले. पूर्व काठ ३१ फूट भरला, पश्चिम काठ सव्वासत्तावीस फूट. पूल तिरका झाला. नदी वळणदार आहे म्हणून फरक पडला असेल असा अंदाज मुलांनी बांधला, आणि अर्धा तास त्या चुकीच्या अंदाजावर वळणं काढण्यात गेला.

कारण साधं होतं. पूर्वेच्या गटात लहान चणीची मुलं होती. ३० मीटरची टेप जमिनीवर पसरून दोन्ही गटांना तिच्याशेजारून चालवलं : एका गटाचं पाऊल सरासरी ५८ सेंटिमीटर, दुसऱ्याचं ६६. म्हणजे दोन्ही काठ सुमारे ७१९ मीटर. नवीन प्रमाण २५ मीटरला १ फूट घेतलं, नकाशा जवळजवळ २९ फुटांचा झाला आणि पूल सरळ बसला. पावलांनी मोजायचं असेल तर टेपशेजारचं हे चालणं मोजणीच्या आधी करा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक उताराची. नकाशात नदीचं वरचं टोक मैदानाच्या पायथ्याशी आलं होतं. तांब्याभर पाणी ओतलं तर ते उलटं, ‘गोदावरी’कडून ‘डोंगरा’कडे. फक्की टाकण्याआधी पाणी ओतून बघायला हवं होतं. सगळं पुसलं, नकाशा फिरवला.

फक्कीबद्दल : दुकानात फक्की म्हणून कधी खडूची पूड मिळते, कधी चुन्याची. चुन्याची असेल तर मुलांच्या हातात देऊ नका, वाऱ्यावर डोळ्यांत जाते. इथे आखणी फक्कीने मोठ्यांनी केली आणि भरणं मुलांनी साध्या पांढऱ्या रांगोळीने. रांगोळी २५ किलो, ३०० रुपये.

२१ डिसेंबर. भिंत. इथे पैसे गेले

भिंत विटांची, वर सिमेंटचा गिलावा, ३६ फूट लांब, रंगवायची उंची ५ फूट, म्हणजे १८० चौरस फूट. डिसेंबरच्या उन्हात कोरडी दिसत होती. ४ लिटर प्रायमर, ८ लिटर बाहेरच्या भिंतीचा तयार रंग आणि रंगछटेच्या नळ्या, मिळून ३,९४० रुपये. दोन हात पांढरा दिला. दुपारपर्यंत इतकी छान दिसायला लागली की सगळ्यांनी फोटो काढले.

२८ डिसेंबर. फुगे

सात दिवसांत खालच्या दोन फुटांत रुपयाएवढे फुगे आले होते. बोटाने दाबलं की रंगाची कातडी निघते आणि आत पांढरी खारट भुकटी. लोणा. भिंतीची नदीकडची बाजू खाली मातीत आहे. ओल पायातून चढते, दर्शनी बाजूने बाहेर पडते आणि येताना क्षार घेऊन येते. वर रंगाचा पापुद्रा असेल तर ती त्याला ढकलून देते.

चुन्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भिंतीला पालथा हात लावला आणि म्हणाले, ‘‘भिंत रडायली सर, रंग कुठं धरंल.’’ ही हात लावून बघायची रीत लक्षात ठेवा. तळहात घामट असतो, त्याला ओल कळत नाही, पालथ्या हाताला गारवा लगेच कळतो. आणि तो सकाळी बघायचा, दुपारी नाही. आणखी पक्की परीक्षा हवी असेल तर एक फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन दिवसांनी बघा. आत दव धरलं असेल तर तयार रंगाचा नाद सोडा. ही परीक्षा दहा रुपयांची होती.

ठरलं ते असं : सगळा रंग खरवडायचा, खालचा दीड फूट उघडा ठेवायचा, वर चुना. चुन्याच्या थरातून ओल आरपार जाते, तो फुगत नाही. खरवडायला दोन माणसांच्या दोन अर्ध्या दिवसांएवढा वेळ गेला. पत्रीने (खरवडायच्या पात्याने) जेवढा निघाला तेवढा, बाकी लोखंडी ब्रशने. रंगाचा तुकडाही ठेवू नका, त्यावर चुना धरत नाही. घासल्याने गिलावा खरबरीत झाला, तेवढा एक फायदा. गुळगुळीत सिमेंटवर चुना निसटतो.

लोणा काढताना भिंत धुतली ही आणखी एक चूक. पाण्याने क्षार विरघळून परत आत जातात आणि आठवड्याने पुन्हा बाहेर येतात. कोरड्या ब्रशने झाडायचा आणि ती पूड गोळा करून लांब टाकायची, भिंतीच्या पायाशी नाही.

त्याच दिवशी मिस्त्रींनी १० किलो कळीचा चुना विझवला (२५० रुपये). मुलांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग थोडी थोडी कळी, उलटं कधीच नाही. पाणी उकळायला लागतं, शिंतोडे उडतात. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पायात बूट. बाजूला स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. चुना डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि सरळ दवाखाना. शेवटची थोडी कळी प्लास्टिकच्या बादलीत विझवायचा प्रयोग एकाने केला, बादलीचा तळ मऊ होऊन बसला.

विझलेला चुना वर चार बोटं पाणी ठेवून झाकून ठेवला. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो.

४ जानेवारी. रंगांच्या पट्ट्या

चुन्यात सगळे रंग टिकत नाहीत. जे टिकतात ते बहुतेक माती आणि दगडाचे. भिंतीच्या मागच्या बाजूला हातभर लांबीच्या पट्ट्या मारून एक आठवडा उन्हात ठेवल्या. निकाल :

गेरू चांगला. पण दोन दुकानांतून दोन पुड्या आणल्या होत्या, त्यातली झगझगीत लाल होती ती तीन दिवसांत फिकट गुलाबी झाली. त्या पुडीत गेरू कमी आणि रंग जास्त होता. मळकट, विटकरी दिसणारा घ्या. पिवडी (पिवळी माती) उत्तम, काहीच तक्रार नाही. नीळ पुडीची घेतली ती टिकली, पातळ बाटलीतली उडाली. खडी क्रशरवरची बारीक पूड फडक्याने गाळून घेतली, तिचा काळसर करडा आला. दरवाज्यांच्या दगडाशी तो तंतोतंत जुळतो, आणि का जुळणार नाही, दगड तोच, काळा बेसाल्ट.

कोळशाच्या पुडीने तासभर खाल्ला. ती पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगत राहते. आधी थोड्या रिठ्याच्या पाण्यात खलून तिची पेस्ट करायची, मग चुन्यात.

काळ्या मातीचा हट्ट मुलांचा होता. ‘मराठवाडा म्हणजे काळी माती’ हे कुणाला नाकारता येईल? तिचा जाडसर थर दिला तर दुपारपर्यंत एप्रिलच्या शेतासारख्या भेगा. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, भिंतीवर ती बसणं शक्य नाही. मैदानातल्या नकाशात शेतं दाखवायला ती वापरली, डिंकाच्या पाण्यात अगदी पातळ करून. तिथे भेगा पडल्या तरी शोभतात.

रंगाचं प्रमाण : एक किलो मुरलेल्या चुन्याला ५०, १०० आणि २०० ग्रॅम अशा तीन पट्ट्या केल्या. २०० ग्रॅमची सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत निकामी, बोट फिरवलं की बोटाला रंग. १०० ग्रॅमच्या वर जाऊ नका. ओला असताना रंग खूप गडद दिसतो, वाळला की निम्म्यावर येतो. मुलांनी ओला रंग बघून पसंती दिली होती, वाळल्यावर सगळ्या निवडी बदलाव्या लागल्या.

गेरू, पिवडी, नीळ, कोळसा मिळून ६२० रुपये, डिंक १५०, चुन्याचे बारा कुंचले ७२०.

११ जानेवारी. जात्यांचे ठसे

संक्रांतीच्या आठवड्यात पतंगाचा कागद सगळीकडे मिळतो, म्हणून हे काम आजवर ठेवलं होतं. पाणचक्कीच्या जात्याला हात लावायचा नाही, मग घरचं जातं तर आहे. मुलांनी घरोघरी विचारलं, सात जाती आणि चार पाटे निघाले. वरची पाळ उलटी करायची, धूळ झाडायची, कागद ताणून धरायचा आणि मेणखडूची आडवी कांडी हलक्या हाताने फिरवायची. टाकी लावलेल्या, म्हणजे छिन्नीने टाचलेल्या, खाचा जशाच्या तशा उमटतात. झिजलेल्या जात्यावर मध्ये काहीच उमटत नाही, नुसता काठ येतो, तर नुकती टाकी लावलेल्यावर तारे फुटल्यासारखे. एका आजीने कागद हातात घेऊन बोटाने दाखवलं की दाणा मध्ये पडतो, पीठ या खाचांतून बाहेरच्या काठाला येतं. मुलांना चक्कीची रचना खरी त्या कागदावर कळली.

कागदाबद्दल : आधी कागजीपुऱ्याचा हातकागद आणला होता. कागद देखणा, पण ठशाला जाड, खाचा दबून जातात. तो शेवटी ठसे चिकटवायला पाठीमागे वापरला. पतंगाचा कागद पातळ असल्याने एकदा हात जोरात गेला की फाटतो, तेव्हा एका ठशामागे तीन कागद धरा. कागद आणि मेणखडू मिळून ७६० रुपये.

ज्यांना मकाई दरवाज्याकडे फेरी न्यायची आहे त्यांनी १४ जानेवारी टाळावी. १९९४ साली याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराकडे अभिवादनाला प्रचंड गर्दी असते, त्या वाटेने २६ मुलांची रांग नेणं बरोबर नाही.

१८ जानेवारी. खाका, आणि नदी उलटी

गुरुवारी-शुक्रवारी भिंतीला चुन्याचे तीन पातळ हात दिले. कृती : मुरलेला चुना एक भाग, पाणी तीन ते चार भाग, दुधासारखा पातळ. फडक्याने गाळायचा. लिटरला साधारण ४ ग्रॅम डिंक, गरम पाण्यात विरघळवून. भिंत आधी पाणी मारून ओली करायची, नाहीतर ती चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि थर भुकटी होऊन पडतो. पहिला हात लावला की भिंत तशीच दिसते, काही लागलंच नाही असं वाटतं. इथे हात आवरायचा. पांढरेपणा दुसऱ्या दिवशी येतो. एका कोपऱ्यात घाईने जाड थर बसला, तो तडकला आणि खरवडावा लागला.

मुलांच्या वहीतल्या चित्रांवरून ३६ फुटांचा खाका केला. तपकिरी कागद जोडून चित्र काढलं, रेषांवर दाभणाने बोटभर अंतरावर भोकं पाडली. फडक्याच्या पुरचुंडीत कोळशाची पूड घेऊन कागदावर थापटली की भिंतीवर ठिपके उमटतात. चित्रात डावीकडे जटवाड्याचे डोंगर, मग नहर, मकाई दरवाजा, पाणचक्की, महमूद दरवाजा, बारापुल्ला, छावणी, आणि उजवीकडे पैठणच्या अंगाला गोदावरी.

पहिले आठ फूट थापटून झाल्यावर एका मुलीने विचारलं, ‘‘सर, पाणी तर इकडून तिकडं चाललंय, आपलं चित्र तिकडून इकडं का?’’ खरंच. मैदानातून भिंतीकडे तोंड केलं की नदी भिंतीपलीकडे उजवीकडून डावीकडे वाहते, उत्तरेकडून दक्षिणेकडे. वाचायच्या सवयीने चित्र डावीकडून उजवीकडे काढलं गेलं होतं. दीड महिना सगळे त्याच मैदानात होते आणि मोठ्यांपैकी कुणालाही हे दिसलं नव्हतं.

भोकं पाडलेला कागद होता म्हणून वाचलं. कागद पालथा केला, झालं. ठिपके आरसाबिंबासारखे उमटले आणि नदी खऱ्या नदीच्या दिशेने वाहायला लागली. फक्त नावं उलटी आली, ती हाताने लिहिली. दरवाज्यांच्या कमानी दोन्ही बाजूंनी सारख्या असल्याने त्यांना काही झालं नाही. पाणचक्कीची भिंत आणि हौद मात्र अदलाबदल झाले, तेवढा तुकडा वह्या बघून नव्याने काढला. आधीचे आठ फूट कोरड्या फडक्याने झटकले. कोळशाची पूड असल्याने डाग राहिला नाही, तिथे खडू वापरला असता तर राहिला असता.

२५ जानेवारी

काम नाही. उद्याच्या संचलनाच्या सरावात मैदानातला नकाशा पूर्ण पुसला गेला. चूक आपलीच, शाळेची दिनदर्शिका बघायला हवी होती.

१ फेब्रुवारी. भिंतीवर रंग, मैदानात दगड

मुलं रंगवणार ती वेळ सकाळी आठ ते साडेदहा. भिंतीवरचं ऊन तापलं की थांबायचं, चुना भराभर वाळला की धरत नाही. प्रत्येकाला मोजे आणि चष्मा (मास्कसह १,१५० रुपये). मोठ्या आकाराचे मोजे लहान हातांत गळतात आणि मग मुलं ते काढून टाकतात, लहान माप शोधून आणा. एका वेळी आठच मुलं भिंतीपाशी, बाकीची नकाशाकडे. पहिल्यांदा सगळी एकदम सोडली होती, दहा मिनिटांत पिवडीच्या डब्यात गेरू.

नदीचा रंग कुठला, यावर बराच वेळ गेला. निम्म्यांना निळा हवा होता. शेवटी डोंगराकडे नीळ, शहरात येता येता करडा, बारापुल्ल्याच्या पुढे खडीच्या पुडीचा काळसर, असं मुलांनीच ठरवलं. नहर पिवडीची, जमिनीखालून जाणारी तुटक रेघ. ही रेघ या भिंतीवरचं सगळ्यांत चांगलं काम आहे असं मला वाटतं. वर दिसत काही नाही आणि गाव मात्र तिच्यावर जगलं, हे एका रेघेत येतं.

मैदानातला नकाशा या वेळी रांगोळीने न करता मुठीएवढ्या काळ्या दगडांनी मांडला, भिंतीच्या कडेला, कवायतीच्या वाटेबाहेर. दगड निम्मे जमिनीत पुरले की पाय लागून हलत नाहीत. १४ डिसेंबरची मापं वहीत होती, म्हणून पाऊण तासात झालं. ती नसती तर पुन्हा पावलं मोजत बसावं लागलं असतं.

मिस्त्रींची तीन दिवसांची मजुरी ३,००० रुपये.

८ फेब्रुवारी. चक्की फिरेना

कल्पना अशी : उंचावरच्या पिंपातून पाणी, त्यावर आडवं चाक, चाकाच्या उभ्या आसावर वर एक चाळणी, चाळणीतून रांगोळी सांडून जमिनीवर वर्तुळ. पिठाऐवजी रांगोळी.

पहिला आराखडा मुलांनी उभ्या चाकाचा काढला, चित्रांत दिसतं तसा. उभं चाक जातं फिरवू शकत नाही असं नाही, पण मग दाते लागतात. आडवं चाक असलं की आस सरळ वर जातो आणि जातं थेट फिरतं.

सामान : २०० लिटरचा जुना ड्रम (९००), १ इंची नळी ३० फूट (७८०), व्हॉल्व्ह आणि रिड्युसर (२१०), दोन बेअरिंग (३४०), सायकलची जुनी रिम (१५०), वेल्डिंग (५००), पत्रा (३००). पात्यांना पत्र्याचे अठरा तुकडे, चमच्यासारखे वाकवून.

ड्रम सहा फुटांवर ठेवून व्हॉल्व्ह उघडला. पाणी आलंच नाही. नळी जमिनीवरून नेऊन मध्ये एका दगडावरून चढवली होती. त्या उंचवट्याच्या माथ्यावर हवा अडकली. दगड काढला, पाणी आलं. नहरीवर जागोजागी उंच मनोरे का बांधले त्याचं एक कारण इथे हातात आलं : बंद नळातली हवा आणि दाब सुटायला उघडं तोंड लागतं. मग मुद्दाम दगड परत ठेवला, माथ्यावर नळीला टी लावून ड्रमपेक्षा उंच उभी नळी जोडली, आणि पाणी दगडावरून सुरळीत गेलं. हा तुकडा कायम ठेवला, बघणारे तिथेच जास्त थांबतात.

पाणी आलं तरी चाक रखडत फिरलं आणि ड्रम अडीच मिनिटांत रिकामा. धार जाड होती, पण तिला वेग नव्हता, वेग नळीतच खर्च होत होता. तोंडाला १२ मिलिमीटरचं रिड्युसर लावल्यावर धार बारीक झाली आणि चाक गरगरलं. एक ड्रम सहा-सात मिनिटं पुरला. दुसरी दुरुस्ती, धार पात्याच्या टोकाशी आणि पात्याला काटकोनात पडेल अशी नळी बांधली. आधी ती आसाजवळ पडत होती.

मग रांगोळी. शिंतोडे उडून चाळणी ओली, दोन मिनिटांत लगदा.

१५ फेब्रुवारी. फिरली

चाक आणि चाळणी यांच्यामध्ये पत्र्याची गोल तबकडी बसवली, चाळणी चाकापासून अडीच फूट वर नेली. आस लांबल्याने थरथरायला लागला, म्हणून दुसरं बेअरिंग वरच्या टोकाशी हलवलं. आधी दोन्ही खालीच लावली होती. चाळणीची भोकं मध्याजवळ ठेवली तर जमिनीवर नुसता ढीग होतो, काठाला चार भोकं ठेवली की कडं उमटतं. भोकं ३ मिलिमीटर, रांगोळी कोरडी आणि चाळलेली. सकाळी साडेनऊनंतर वारा सुटतो आणि कडं एका बाजूला सरकतं, तेव्हा आठ वाजता चालवा.

खाली टबात पडलेलं पाणी बादल्यांनी परत वर. पाणी नळाचं, एकच ड्रम दिवसभर फिरवला. बादल्या चढवून मुलं दमली आणि उंची आणायला काय पडतं ते न सांगता कळलं. डोंगराकडून पाणी आपोआप उंचावर येत असेल तर कुणी बादल्या का उचलाव्यात?

दहा शनिवारांच्या नाश्त्याचे ४,५०० रुपये झाले. रंगापेक्षा पोहे महाग पडले. पण अर्जात ही रक्कम लिहायला विसरू नका, नंतर ती खिशातूनच जाते.

१ मार्च. पाहणी

भिंत : वरचा साडेतीन फूट व्यवस्थित, कुठे फुगा नाही. बोट फिरवलं की गेरूच्या दोन ठिकाणी किंचित रंग लागतो, तिथे पट्टीच्या वेळचं २०० ग्रॅमचं डबडं चुकून वापरलं गेलं असावं. खालच्या उघड्या दीड फुटात लोणा फुटलाय, अपेक्षेप्रमाणे. कोरडा ब्रश मारला. पावसाळ्याआधी रंगीत भागावर नुसत्या चुन्याच्या पाण्याचा एक अगदी पातळ हात द्यायचा आहे.

नकाशा : तीन दगड गायब, पैकी दोन क्रिकेटचे स्टंप झालेत. पुलाचे आहेत, परत आणून बसवले.

चक्की : खालच्या बेअरिंगमध्ये रांगोळी गेली होती, रॉकेलने धुऊन ग्रीस भरलं. पुढच्या वेळी खालचं बेअरिंग झाकणाचं घ्यायचं, साधारण पन्नास रुपये जास्त.